भारतातील पेयजल व सांडपाणी सुविधांसाठीचे शासकीय अर्थसाहाय्य

पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आणि सांडपाण्याचे संकलन व शुद्धीकरण यांसाठी लागणाऱ्या बांधकामांना केंद्र शासन, राज्य शासने व वित्त आयोग यांच्याकडून मिळणारी अनुदाने, कर्जे व हमी यांना एकत्रितपणे पेयजल व सांडपाणी सुविधांसाठीचे शासकीय अर्थसाहाय्य असे म्हणतात. भारतात ही कामे प्रत्यक्षात ग्रामपंचायती, नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे असतात. परंतु त्यांचे स्वतःचे उत्पन्न मोठ्या भांडवली खर्चाला पुरत नाही. त्यामुळे धरणापासून किंवा विहिरीपासून घरातल्या नळापर्यंत आणि घरातल्या मोरीपासून प्रक्रिया केंद्रापर्यंतच्या साखळीचा मोठा भाग वरिष्ठ शासनांच्या निधीवर उभा राहतो.

या अर्थसाहाय्याची दोन वैशिष्ट्ये दीर्घकाळ टिकून राहिली आहेत. एक, निधी मुख्यतः बांधकामासाठी मिळतो. योजना चालू ठेवण्याचा खर्च स्थानिक संस्थेने पाणीपट्टीतून भागवावा अशी अपेक्षा असते. दोन, पाणी आणण्यासाठी जेवढा निधी व जेवढी तत्परता दिसते, तेवढी वापरलेले पाणी शुद्ध करून सोडण्यासाठी दिसत नाही. गेल्या अर्धशतकातील योजनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन उणिवा भरून काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पाणी (नोंद १७) आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता (नोंद ६) हे विषय येतात. म्हणजेच पाणीपुरवठा ही मूलतः राज्यांची जबाबदारी आहे. १९९२ साली संमत झालेल्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत पिण्याचे पाणी, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत घरगुती, औद्योगिक व वाणिज्यिक पाणीपुरवठा यांचा समावेश झाला. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषयही दोन्ही अनुसूचींत आहे.

विषय खाली आले, पण करवसुलीची मुख्य साधने वरच्या पातळीवरच राहिली. ही दरी भरून काढण्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग वित्त आयोगांचा: अनुच्छेद २८० नुसार नेमला जाणारा केंद्रीय वित्त आयोग स्थानिक संस्थांसाठीही शिफारशी करतो, आणि अनुच्छेद २४३-झ व २४३-म नुसार प्रत्येक राज्याने दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे अपेक्षित असते. दुसरा मार्ग केंद्रपुरस्कृत योजनांचा आहे. विषय राज्यांचा असला तरी केंद्र शासन आपल्या निधीतून ठरावीक हिस्सा देते आणि त्याबरोबर अटीही घालते. पाणी व स्वच्छता या क्षेत्रात धोरणाला दिशा देण्याचे काम प्रामुख्याने या दुसऱ्या मार्गाने झाले आहे.

इतिहास

ग्रामीण पाणीपुरवठा

१९४९ साली पर्यावरणीय आरोग्यविषयक समितीने चाळीस वर्षांत देशातील ९० टक्के लोकसंख्येला सुरक्षित पाणी देण्याची शिफारस केली. त्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, १९५४ मध्ये, राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. आरंभीच्या काळात राज्यांनी सुगम गावांकडे अधिक लक्ष दिले आणि दुर्गम, टंचाईग्रस्त गावे मागे राहिली. त्यामुळे १९७२-७३ मध्ये केंद्र शासनाने त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम हाती घेतला. याच सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. किमान गरजा कार्यक्रम आल्यावर ही योजना १९७४-७५ मध्ये थांबविण्यात आली. परंतु प्रगती समाधानकारक न वाटल्याने १९७७-७८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

१९८६ मध्ये पेयजलविषयक तंत्रज्ञान मिशन स्थापन झाले. १९९१ मध्ये त्याला राजीव गांधी राष्ट्रीय पेयजल मिशन असे नाव मिळाले. या टप्प्यापर्यंत शासन बांधणार आणि गावकरी वापरणार अशी विभागणी होती. हातपंप व नळयोजना बसविल्या जात, पण बिघाड झाल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट नसे. १९९९ मधील क्षेत्र सुधारणा प्रकल्प आणि २००२ मधील स्वजलधारा योजना यांनी हा विचार बदलला. गावाने भांडवली खर्चाचा काही भाग लोकवर्गणी म्हणून द्यावा आणि देखभालीचा सर्व खर्च उचलावा, असे तत्त्व पुढे आले. वर्गणी भरलेल्या गावाला योजना आपली वाटेल, ही त्यामागची अपेक्षा होती.

२००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम सुरू झाला. त्यात केंद्रीय निधीपैकी १५ टक्क्यांपर्यंत रक्कम देखभाल-दुरुस्तीसाठी वापरण्याची मुभा होती. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१७ या कालखंडाची तपासणी केली. या पाच वर्षांत ८१,१६८ कोटी रुपये खर्च होऊनही दरडोई दररोज ४० लिटर या निकषानुसार पाणी मिळणाऱ्या ग्रामीण वस्त्यांचे प्रमाण केवळ ८ टक्क्यांनी वाढले, असा निष्कर्ष त्यात नोंदविला आहे.

नागरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण

शहरांना पूर्वी राज्य शासनाची अनुदाने, भारतीय आयुर्विमा महामंडळाची कर्जे आणि पुढे गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ अर्थात हुडकोची कर्जे यांतून पाणी योजना उभाराव्या लागत. १९९३-९४ मध्ये २०,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या नगरांसाठी त्वरित नागरी पाणीपुरवठा कार्यक्रम आला. केंद्राचा मोठ्या प्रमाणावर प्रवेश झाला तो ३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानामुळे. या अभियानाने निधीला सुधारणांची जोड दिली. द्विनोंदी लेखापद्धती, मालमत्ता करात सुधारणा, देखभालीचा खर्च वापरकर्त्यांकडून वसूल करणे अशा अटी शहरांना मान्य कराव्या लागल्या. कागदोपत्री मान्य झालेल्या अनेक सुधारणा प्रत्यक्षात अपुऱ्या राहिल्या. तरीही मोठ्या शहरांतील जलवाहिन्या व जलशुद्धीकरण केंद्रे यांसाठीच्या गुंतवणुकीत या काळात लक्षणीय वाढ झाली.

२००८ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवा पातळीचे मापदंड जाहीर केले. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, सर्व जोडण्यांना जलमापक, महसूल न देणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत मर्यादित आणि देखभाल खर्चाची पूर्ण वसुली ही त्यातील प्रमुख उद्दिष्टे होत. नागरी पायाभूत सुविधांच्या गरजेचा अंदाज घेणाऱ्या, ईशर जज अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने २०११ मध्ये आपला अहवाल दिला. वीस वर्षांसाठी २००९-१० च्या किमतींनुसार पाणीपुरवठ्याला सुमारे ३.२ लाख कोटी आणि मलनिस्सारणाला सुमारे २.४ लाख कोटी रुपये भांडवल लागेल, असा त्या समितीचा अंदाज होता.

नदीशुद्धीकरण

सांडपाणी प्रक्रियेसाठी केंद्रीय निधीचा ओघ प्रथम नद्यांच्या निमित्ताने सुरू झाला. १९८६ मधील गंगा कृती योजनेत भांडवली खर्च केंद्राने उचलला आणि प्रक्रिया केंद्रे चालविण्याचे काम राज्ये व स्थानिक संस्था यांच्याकडे सोपविले. वीजपुरवठा व निधी यांच्या अभावी अनेक केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली नाहीत. १९९५ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजना इतर नद्यांसाठी सुरू झाली. २००१ पासून तिच्यात केंद्र व राज्य यांचे प्रमाण ७०:३० ठरले.

२०१४ मध्ये २०,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह आलेल्या नमामि गंगे कार्यक्रमात पूर्वीच्या अनुभवातून महत्त्वाचा बदल करण्यात आला. बांधकामाबरोबरच दीर्घकाळाच्या देखभालीचा खर्चही केंद्राने स्वीकारला. त्यासाठी संमिश्र वार्षिकी पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत कंत्राटदाराला भांडवली खर्चापैकी ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते. उरलेली ६० टक्के रक्कम पुढील १५ वर्षांत, केंद्र ठरलेल्या दर्जाने चालविल्यास, हप्त्याहप्त्याने दिली जाते. केंद्र बंद पडले तर हप्ता अडतो. त्यामुळे निकृष्ट बांधकाम करून निघून जाणे कंत्राटदाराला परवडत नाही. वाराणसीतील रमणा येथील दररोज ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र या पद्धतीच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी आहे.

प्रमुख योजना

जल जीवन मिशन

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या योजनेचे उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला नळजोडणीद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देणे हे आहे. घोषणेच्या वेळी ३.२३ कोटी, म्हणजे सुमारे १७ टक्के ग्रामीण कुटुंबांकडे नळजोडणी होती. योजनेचा मूळ अंदाजित खर्च ३.६० लाख कोटी रुपये असून त्यात केंद्राचा वाटा २.०८ लाख कोटी रुपयांचा आहे. हिमालयीन व ईशान्येकडील राज्यांसाठी केंद्र व राज्य यांचे प्रमाण ९०:१०, तर महाराष्ट्रासह इतर राज्यांसाठी ५०:५० आहे. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशांचा संपूर्ण खर्च केंद्र करते.

गावातील अंतर्गत कामांच्या भांडवली खर्चापैकी १० टक्के रक्कम लोकवर्गणी म्हणून अपेक्षित असते. डोंगराळ व वनक्षेत्रातील गावांत, तसेच अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत हे प्रमाण ५ टक्के आहे. वर्गणी रोख, वस्तुरूपाने किंवा श्रमदानाने देता येते. योजना यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्या गावाला अंतर्गत कामांच्या खर्चाच्या १० टक्क्यांइतकी प्रोत्साहनपर रक्कम देण्याची तरतूद असून, अचानक उद्भवणाऱ्या दुरुस्तीसाठी फिरता निधी म्हणून ती वापरावयाची आहे. गावपातळीवर नियोजनाचे काम ग्रामपंचायतीच्या पाणी समितीकडे असते आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असे मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

ग्रामसभेने ठराव करून सर्व घरांना पाणी मिळत असल्याचे प्रमाणित केल्यावर गावाला ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळते. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे अशा रीतीने प्रमाणित झालेले पहिले राज्य ठरले. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, सुमारे १५ कोटी म्हणजे ८० टक्के ग्रामीण कुटुंबांपर्यंत नळाचे पाणी पोहोचल्याचे नमूद करून योजनेला २०२८ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. या वाढीव काळात बांधकामाचा दर्जा आणि लोकसहभागातून देखभाल यांवर भर देण्याचे जाहीर करण्यात आले.

अमृत

अटल पुनरुज्जीवन व नागरी परिवर्तन अभियान, अर्थात अमृत, २५ जून २०१५ रोजी ५०० शहरांसाठी सुरू झाले. त्यात केंद्राचे साहाय्य ५०,००० कोटी रुपये होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये पाणीपुरवठ्यासाठी देशातील सर्व वैधानिक नगरांचा, तर मलनिस्सारणासाठी मूळच्या ५०० शहरांचा समावेश आहे. पाच वर्षांसाठीचा एकूण अंदाजित खर्च २,९९,००० कोटी रुपये असून केंद्राचा वाटा ७६,७६० कोटी रुपये आहे. प्रकल्पखर्चातील केंद्राचा हिस्सा शहराच्या आकारानुसार ठरतो:

• १ लाखापेक्षा कमी लोकसंख्या: ५० टक्के
• १ ते १० लाख लोकसंख्या: एक तृतीयांश
• १० लाखांपेक्षा अधिक लोकसंख्या: २५ टक्के
• ईशान्येकडील व डोंगरी राज्ये: ९० टक्के
• केंद्रशासित प्रदेश: १०० टक्के

लहान नगरांची कर भरण्याची क्षमता कमी असल्याने त्यांना अधिक हिस्सा, हे या श्रेणीमागचे तत्त्व आहे. जमीन खरेदी, कर्मचाऱ्यांचे वेतन व वीजखर्च यांसाठी हा निधी वापरता येत नाही.

स्वच्छ भारत मिशन

या मिशनच्या पहिल्या टप्प्यात शौचालय बांधणीवर भर होता. शौचालये व नळ वाढल्यावर सांडपाण्याचे प्रमाणही वाढले आणि दुसऱ्या टप्प्यात त्याच्या व्यवस्थापनाला स्थान मिळाले. २०२१ मध्ये सुरू झालेल्या नागरी मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात १ लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या नगरांसाठी वापरलेल्या पाण्याचे व्यवस्थापन हा नवा घटक आला. ग्रामीण मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना सांडपाणी व्यवस्थापनासाठी दरडोई २८० रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावांना दरडोई ६६० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. यातील ३० टक्के खर्च ग्रामपंचायतींनी वित्त आयोगाच्या निधीतून करावयाचा असतो. शोषखड्डे, परसबागा, पाझरखड्डे व स्थिरीकरण तळी ही या निधीतून होणारी नेहमीची कामे होत.

वित्त आयोगाची अनुदाने

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालखंडासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये आणि नागरी स्थानिक संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये देण्याची शिफारस केली. ग्रामीण अनुदानाचे दोन भाग आहेत: ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित. बंधित निधीचा निम्मा भाग पेयजल, पर्जन्यजल संधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, तर उरलेला निम्मा स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकविणे यांसाठी वापरावा लागतो. केंद्रपुरस्कृत योजनांच्या निधीहून या अनुदानाचे वेगळेपण असे की, मिशनचा निधी मुख्यतः नव्या बांधकामासाठी असतो, तर बंधित अनुदानातून ग्रामपंचायतीला चालू योजनेच्या देखभालीवरही खर्च करता येतो.

निधीचा प्रवास

एखाद्या योजनेला निधी मिळण्याची प्रक्रिया साधारणपणे पुढील टप्प्यांनी होते. प्रथम उद्भवाची, म्हणजे विहीर, नदी वा धरण यांतून मिळू शकणाऱ्या पाण्याची निश्चिती केली जाते. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल व अंदाजपत्रक तयार होते. अभियंत्यांकडून तांत्रिक मान्यता आणि शासनाकडून प्रशासकीय मान्यता मिळाल्यावर निविदा काढली जाते. कामाच्या प्रगतीनुसार देयके अदा होतात आणि आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर केल्यावर पुढचा हप्ता मिळतो.

समजा, ८०,००० लोकसंख्येच्या एका नगराचा पाणीपुरवठा प्रकल्प ६० कोटी रुपयांचा आहे. अमृत २.० नुसार त्याला केंद्राकडून निम्मी, म्हणजे ३० कोटी रुपयांची मदत मिळेल. ती २०, ४० व ४० टक्के अशा तीन हप्त्यांत, अनुक्रमे ६, १२ व १२ कोटी रुपये, या क्रमाने येईल. हाच प्रकल्प ५ लाख लोकसंख्येच्या शहरात असता तर केंद्राचा वाटा २० कोटी, आणि १० लाखांहून मोठ्या शहरात १५ कोटी रुपये झाला असता. उरलेली रक्कम राज्य शासन व नगरपालिका यांनी उभी करावयाची असते. नगरपालिकेचा वाटा वेळेवर जमा झाला नाही तर काम रेंगाळते. काम रेंगाळले की साहित्याच्या किमती वाढतात. आणि वाढीव खर्च बहुधा राज्यावर किंवा स्थानिक संस्थेवर येतो, कारण केंद्राचा वाटा मंजूर रकमेपुरता मर्यादित असतो.

कर्ज, रोखे व परकीय साहाय्य

अनुदानाखेरीज कर्ज हा दुसरा मोठा स्रोत आहे. १९७३ पासून मुंबईतील पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पांना जागतिक बँकेचे साहाय्य मिळाले. महाराष्ट्रातील ग्रामीण भागासाठी २००३ मध्ये सुरू झालेला जलस्वराज्य प्रकल्पही जागतिक बँकेच्या कर्जावर आधारित होता. गोव्यातील पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पासाठी २००७ मध्ये जपानकडून कर्ज घेण्यात आले.

पुण्यातील मुळा-मुठा नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्प हे परकीय कर्जाचे अनुदानात रूपांतर कसे होते याचे उदाहरण आहे. २०१६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा या प्रकल्पाचा खर्च ९९०.२६ कोटी रुपये होता. त्यापैकी ८५ टक्के, म्हणजे ८४१.७२ कोटी रुपये केंद्राने राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून द्यावयाचे आणि उरलेले १४८.५४ कोटी रुपये पुणे महानगरपालिकेने घालावयाचे, असे ठरले. केंद्राने आपला वाटा जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या, म्हणजे जायकाच्या, कर्जातून उभा केला. कर्जफेडीची जबाबदारी केंद्राची. महानगरपालिकेच्या दृष्टीने ती रक्कम अनुदानच. प्रकल्पात एकूण ३९६ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेची ११ प्रक्रिया केंद्रे होती. मात्र मान्यतेनंतर निविदा प्रक्रियेत बराच काळ गेल्याने काम मूळ वेळापत्रकाप्रमाणे झाले नाही.

महानगरपालिकांनी थेट बाजारातून कर्ज उभारण्याचीही उदाहरणे आहेत. १९९८ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. त्यातील रक्कम पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी होती. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये समान व चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. गाझियाबाद महानगरपालिकेने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या तृतीय स्तरावरील प्रक्रियेसाठी १५० कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. हा मार्ग चांगली पतमानांकने असलेल्या मोठ्या शहरांनाच सुलभ आहे. लहान नगरांसाठी तमिळनाडूने २००२ मध्ये वेगळी वाट काढली: १३ स्थानिक संस्थांची गरज एकत्र करून जल व स्वच्छता संयुक्त निधीमार्फत ३०.४१ कोटी रुपयांचे रोखे काढण्यात आले. एकट्या नगराला जे मिळाले नसते ते समूहाला मिळाले.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्रात पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग ग्रामीण योजनांचे, तर नगरविकास विभाग नागरी योजनांचे नियंत्रण करतो. योजनांची आखणी व उभारणी करणारी प्रमुख संस्था म्हणजे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. १९७६ च्या अधिनियमाने महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला १९९७ मध्ये सध्याचे नाव मिळाले. जिल्हा परिषदांच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे बहुतांश एकगावी योजना असतात. अनेक गावांना एका उद्भवावरून पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजना प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे असतात. नगरपालिकांना राज्य शासन महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियानातूनही पाणीपुरवठा व भुयारी गटार योजनांसाठी अनुदान देते.

धरणातून घेतलेल्या पाण्याचे शुल्कही स्थानिक संस्थेला जलसंपदा विभागाकडे भरावे लागते. त्याचे दर २००५ च्या अधिनियमाने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते. त्यामुळे पाणीपट्टीतून वीज, रसायने, वेतन व दुरुस्ती यांबरोबर कच्च्या पाण्याची किंमतही निघावी लागते.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूर या लहान नगरात २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला. प्रत्येक जोडणीला जलमापक बसवून वापरानुसार आकारणी केल्याने अखंड पुरवठा व वसुली यांची सांगड कशी घालता येते याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. नागपूरमध्ये भांडेवाडी येथील १३० दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेच्या केंद्रातील प्रक्रिया केलेले पाणी कोराडी औष्णिक विद्युत केंद्राला पुरविले जाते. या प्रकल्पाला जवाहरलाल नेहरू अभियानाचे साहाय्य मिळाले होते. येथे सांडपाणी महानगरपालिकेला उत्पन्न देते आणि वीजनिर्मितीसाठी लागणारे धरणाचे पाणी शहरासाठी वाचते.

देखभाल-दुरुस्तीचा प्रश्न

पाणी योजना उभारण्याचा खर्च एकदाच येतो. ती चालविण्याचा खर्च दररोज येतो. पंपाची वीज, तुरटी व क्लोरीन, गळती काढणे, चालकाचे मानधन ही त्याची मुख्य अंगे. जल जीवन मिशनच्या निधीतून वीजदेयके, वेतन व नित्य देखभाल भागवायची नसते. ती जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. पाणीपट्टी कमी ठेवणे किंवा तिची वसुली न करणे हे स्थानिक राजकारणात सोयीचे असते. परंतु वसुली झाली नाही की वीजदेयक थकते, वीजजोडणी तोडली जाते आणि नव्या बांधलेल्या जलकुंभाशेजारीच टँकरची वाट पाहण्याची वेळ गावावर येते. अशा वेळी सर्वाधिक झळ खाजगी कूपनलिका किंवा साठवणीची टाकी नसलेल्या कुटुंबांना, आणि त्यांतही पाणी भरण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांना व मुलींना बसते.

उद्भव आटणे हे योजना बंद पडण्याचे दुसरे मोठे कारण आहे. भूजलावर अवलंबून असलेल्या योजनेजवळच शेतीसाठी नव्या विंधनविहिरी झाल्या तर पिण्याच्या पाण्याचा स्रोत उन्हाळ्यापूर्वीच संपतो. कागदावर पूर्ण झालेल्या गावात याच कारणाने दुसरी योजना मंजूर करावी लागते आणि त्याच गावावर पुन्हा भांडवली खर्च होतो.

पाणी व सांडपाणी यांतील तफावत

नागरी घरांत वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते, असे नियोजनात गृहीत धरले जाते. म्हणजे पाणीपुरवठ्यात प्रत्येक १०० लिटरची वाढ ही ८० लिटर सांडपाण्याची वाढ असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आढाव्यानुसार देशातील नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. त्या तुलनेत स्थापित प्रक्रियाक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर, कार्यरत क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६ दशलक्ष लिटर, म्हणजे निर्मितीच्या सुमारे २८ टक्के होती. महाराष्ट्रात दररोज ९,१०७ दशलक्ष लिटर निर्मितीच्या तुलनेत स्थापित क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर होती.

या आकड्यांतून दोन वेगळे प्रश्न दिसतात. निर्मिती व स्थापित क्षमता यांतील अंतर हा भांडवली निधीचा प्रश्न आहे. स्थापित क्षमता व प्रत्यक्ष प्रक्रिया यांतील अंतर मात्र नव्या बांधकामाने भरून निघत नाही. घरे मलवाहिन्यांना न जोडणे, पंपगृहे बंद असणे, विजेचा खर्च न परवडणे ही त्याची कारणे आहेत. प्रक्रिया केंद्र उभे राहिले तरी घराघरांतून येणाऱ्या वाहिन्यांचे जाळे अपुरे असेल, तर केंद्राला सांडपाणीच मिळत नाही आणि ते नाल्यांतून नदीत जात राहते.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समिती विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सांडपाणी प्रक्रिया केंद्रे तीन वर्षांत उभारण्याचा आदेश दिला. ती चालविण्याचा खर्च वापरकर्त्यांकडून वसूल करण्याचे निकष स्थानिक संस्थांनी ठरवावेत, असेही त्यात म्हटले होते. पाणीपट्टीच्या तुलनेत मलनिस्सारण कराची आकारणी व वसुली अधिक अवघड ठरते. नळ बंद पडला तर त्याचा त्रास त्याच घराला होतो. सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर त्याचा त्रास नदीच्या खालच्या बाजूच्या गावाला होतो. ज्याला लाभ होतो तो वेगळा आणि ज्याने पैसे भरायचे तो वेगळा असल्याने या कामात वरिष्ठ शासनाच्या निधीची आवश्यकता पाणीपुरवठ्याहूनही अधिक मानली जाते.

मूल्यमापन

शासकीय अर्थसाहाय्यामुळे नळजोडण्या, जलशुद्धीकरण केंद्रे व शौचालये यांची संख्या गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणात वाढली आहे. मात्र जोडण्यांची संख्या आणि नळाला प्रत्यक्ष येणारे पाणी या दोन भिन्न गोष्टी असल्याचे अभ्यासक व लेखापरीक्षक यांनी वारंवार दाखवून दिले आहे. लक्ष्य जोडण्यांत मोजले गेले की निधी जोडण्यांवर खर्च होतो. पुरवठ्याचे तास, पाण्याची गुणवत्ता व उद्भवाची शाश्वती यांकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

लोकवर्गणीच्या तत्त्वाबाबतही दोन मते आहेत. समर्थकांच्या मते त्यामुळे योजनेची मालकी गावाकडे येते. टीकाकारांच्या मते शहरांना अशी वर्गणी न भरता पाणी मिळते, त्यामुळे गरीब गावांकडून ती मागणे अन्यायकारक आहे. काही ठिकाणी वर्गणी कंत्राटदारच भरतो आणि मूळ हेतू विफल होतो, असाही आक्षेप घेतला जातो.

देयकांचा संबंध बांधकामाशी न ठेवता सेवेशी जोडणारी संमिश्र वार्षिकी पद्धत, देखभालीसाठी वापरता येणारी वित्त आयोगाची बंधित अनुदाने, प्रक्रिया केलेल्या पाण्याची उद्योगांना विक्री आणि जल जीवन मिशनच्या वाढीव काळातील देखभालीवरील भर या अलीकडच्या बदलांची दिशा एकच आहे. योजना पूर्ण झाल्याच्या दिवसाबरोबरच तिच्या दहाव्या व पंधराव्या वर्षाचा विचार निधी मंजूर करतानाच व्हावा, हे तत्त्व त्यांतून हळूहळू रुजत आहे.